आमच्या सोसायटीच्या ९ शाखांचे राउटर आणि स्विच बेळगावातून एकाच ठिकाणी बघता येतील का? त्यासाठी काय घ्यावं?

येतात की. तुम्ही लिहिलंय की शाखा खानापूरपासून अथणीपर्यंत पसरल्यात, नेट गेलेलं शाखेतून फोन आल्यावरच कळतं, आणि ‘सगळं एका स्क्रीनवर’ दाखवतो म्हणून एकानं भलंमोठं कोटेशन दिलंय. मी बेळगावातच एका सहकारी संस्थेत हेच काम करतो. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो, कारण त्यातलं सगळ्यात सोपं काम तेच.

आधी यादी करा. कुठल्या शाखेत कुठला राउटर, कुठला स्विच, कुठला यूपीएस, कुणाची लाईन, लाईनचा ग्राहक क्रमांक, आणि शाखेत चावी कुणाकडे असते. आमच्याकडे दोन पोरांनी दोन वेळा राउटर बसवले. एकानं नाव दिलं ‘बेळगाव’, दुसऱ्यानं ‘बेळगावी’. चिकोडीत एक ‘क’ की दोन, निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘पी’ किती, हे वेगळंच. सरकारी कागदावर शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, वाद त्याहून कितीतरी जुना, पण आमच्या स्क्रीनवर त्यामुळे एकच ऑफिस दोन ठिकाणी दिसायला लागलं. शेवटी नावांत पिनकोड घातले. ५९१२३७ म्हणजे निपाणी, ५९१३०२ म्हणजे खानापूर. पिनकोडला मराठी-कानडी नसतं, कुणी भांडत नाही.

आता हे चालतं कसं. मधला एक सर्व्हर दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी प्रत्येक डब्याला, म्हणजे राउटर, स्विच, यूपीएस यांना, विचारतो, ‘आहेस का?’ तो झाला पिंग. पुढचे प्रश्न एसएनएमपीतून, म्हणजे अशा डब्यांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेतून, विचारतात: किती डेटा गेला, तार खोचायचं कुठलं भोक बंद, किती वेळ चालू आहे. ही पद्धत १९८८ पासूनची आहे. प्रश्न डब्याच्या यूडीपी १६१ या पोर्टवर, म्हणजे नेटवरच्या ठरावीक नंबरच्या दारावर, जातात आणि डब्याला स्वतःहून काही सांगायचं असेल तर ते १६२ वर येतं. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत पासवर्डच्या जागी नुसता एक शब्द असतो, तोही तारेवरून उघडा जातो, आणि बऱ्याच डब्यांत तो कंपनीनंच ‘पब्लिक’ ठेवलेला असतो. तुमच्याकडे पैशाचे व्यवहार आहेत, त्यामुळे तिसरी आवृत्तीच वापरा, तिच्यात ओळख तपासणी आणि कूटलेखन (मजकूर कुणाला वाचता येऊ नये असा करून पाठवणं) दोन्ही आहे. लाईनवाला फुकट देतो तो राउटर बहुतेक वेळा एसएनएमपीला दादच देत नाही. त्याच्यावर पिंगपुरतं समाधान माना, किंवा त्याच्यामागे स्वतःचा बरा राउटर ठेवा.

एका गमतीत मी दोन दिवस घालवले म्हणून लिहून ठेवतो. जुना डेटा-काउंटर ३२ बिटांचा असतो. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो परत शून्यावर येतो. भरून वाहणाऱ्या १०० एमबीपीएस लाईनवर याला पावणेसहा मिनिटं लागतात, एक जीबीपीएसवर ३४ सेकंद. म्हणजे एक जीबीपीएसवर तुम्ही पाच मिनिटांनी विचाराल तोवर काउंटर कितीतरी वेळा फिरलेला, आणि आलेख बिनदिक्कत खोटं दाखवतो. ६४ बिटांचा काउंटर निवडा, प्रश्न मिटला.

दुसरी अडचण सिमवर चालणाऱ्या शाखांची. मोबाईलच्या नेटवर शाखेला सहसा स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येईल असा नेटवरचा पत्ता, मिळत नाही, हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. बेळगावातून तिथे हाक मारली तरी पोचत नाही. त्यामुळे बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खासगी वाट (व्हीपीएन), शाखेनं उघडायचा: शाखेचा राउटर वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरनं मुख्य ऑफिसला जोडून घेतो आणि मग सगळे प्रश्न त्या बोगद्यातून जातात. राउटरचं लॉगिन पान इंटरनेटवर उघडं टाकायचा सोपा रस्ता कुणी सुचवला तर ऐकू नका. २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीत दूरस्थ देखभालीच्या ७५४७ नंबरच्या पोर्टावर हल्ला होऊन सुमारे नऊ लाख घरांचे राउटर आडवे झाले होते.

आता खरं दुखणं, सूचनांचं. पहिल्या पावसाळ्यात जांबोटीकडे लाईट गेली. तिथल्या शाखेचा राउटर, दोन स्विच, कॅमेऱ्याचा डबा, वायफाय, प्रिंटर, सगळ्यांच्या नावे ‘मी गेलो’ असे वेगवेगळे मेसेज आमच्या सूचनांच्या ग्रुपवर आले. लाईट आली, परत गेली. रात्रभर मोबाईल थरथरत होता. दुसऱ्या दिवशी मी तो ग्रुप म्यूट केला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाखेची लाईन सकाळपासून बंद होती ते मला दुपारी शाखेच्या फोनवरून कळलं. मग कशासाठी हा खटाटोप?

तेव्हा सगळं परत मांडलं. कोण कुणाच्या मागे आहे हे सॉफ्टवेअरला सांगता येतं: राउटर गेला तर त्याच्या मागच्यांबद्दल गप्प बस. आणि राउटरच्याही आधी यूपीएस. एसएनएमपी कार्डाचा यूपीएस थोडा महाग पडतो, पण आपल्या भागात बहुतेक ‘नेट गेलं’ हे मुळात ‘लाईट गेली’ असतं, आणि तो डबा मरायच्या आधी सांगतो की बॅटरीवर आलोय, इतकी मिनिटं उरली. आता एका घटनेला एकच मेसेज येतो, त्यात शाखा, कारण आणि फोन कुणाला करायचा ते नाव. अथणीचा मेसेज कानडीत जातो, कारण तिथला शिपाई कानडीच वाचतो आणि यूपीएसचं बटण त्याच्याच हाताशी आहे. हे एवढं केलं नाही तर कितीही महाग सॉफ्टवेअर घ्या, महिन्याभरात कुणी बघणार नाही.

बघणं झालं, आता दुरून बदल करणं. यात घाई नको. पहिले सहा महिने फक्त बघा, आणि रोज रात्री प्रत्येक राउटरच्या सेटिंगची प्रत आपोआप घ्या, ऑक्सिडाइज्ड नावाचं सॉफ्टवेअर हे काम फुकट करतं. मी एकदा बेळगावात बसून अथणीच्या राउटरची फायरवॉल (कुणाला आत सोडायचं याचे नियम) बदलली आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. पुढचा अख्खा दिवस एसटीत. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये सेफ मोड असतो, जोडणी तुटली की बदल आपोआप मागे जातात. सिस्को कंपनीच्या डब्यावर आधी ‘रिलोड इन १०’ द्यायचं, सगळं ठीक झालं तर रद्द करायचं, नाहीतर दहा मिनिटांनी डबा जुन्या सेटिंगवर परत उठतो. हे मला आदल्या दिवशीच माहीत होतं, तेच जास्त लागलं.

नोंदींचंही बघा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग (डब्यांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि डब्यांची घड्याळं एनटीपीनं, म्हणजे नेटवरून वेळ घेऊन, जुळवायची आहेत. घड्याळं जुळली नाहीत तर आधी काय बिघडलं, नंतर काय, हे लॉगवरून कळणारच नाही.

सॉफ्टवेअर: झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस, दोन्ही फुकट. नऊ शाखांना आठ जीबी रॅमचा जुना पीसी पुरतो, फक्त डिस्क एसएसडी घाला. मी झॅबिक्स घेतलं, कारण त्याची प्रॉक्सी, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या वतीनं आकडे गोळा करणारा मदतनीस, शाखेत ठेवता येते आणि लाईन तुटली तरी ती आकडे साठवून नंतर पाठवते. कोटेशनमधल्या पैशांत यूपीएसची कार्डं घ्या. आणि त्या पीसीला वेगळ्या कंपनीचं सिम असलेला एक डोंगल लावा. मुख्य ऑफिसचीच लाईन गेली तर ‘लाईन गेली’ हा मेसेज जाणार कुठून?