दागिन्याच्या थ्रीडी फाइलला वॉटरमार्क कसा घालायचा

भाऊ, जळगावच्या सराफांना अंगठ्या-पेंडंटच्या एसटीएल फाइली (त्रिकोणांनी बनलेली थ्रीडी मॉडेलं) पाठवत असाल, तर वॉटरमार्क, म्हणजे फाइल कुणाची ते सांगणारी लपलेली खूण, म्हणून फाइलच्या सुरुवातीच्या 80 बाइटच्या हेडरमध्ये नाव लिहून थांबू नका. समोरच्याने फाइल पुन्हा सेव्ह केली की ते नाव गेलं. शिरोबिंदूंच्या (त्रिकोणांच्या कोपऱ्यांच्या) क्रमात लपवलेली खूणही अशीच जाते.

खूण आकारातच हवी. मॉडेलचा मध्यबिंदू काढा, तिथून प्रत्येक शिरोबिंदूचं अंतर मोजा आणि सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अंतराचे 32 समान पट्टे पाडा. एका पट्ट्यात तुमच्या कोडचा एक बिट (0 किंवा 1): शिरोबिंदू सरकवून पट्ट्यातल्या अंतरांची सरासरी पट्ट्याच्या मध्यापेक्षा किंचित वर नेली तर 1, खाली नेली तर 0. मॉडेल फिरवलं, लहान-मोठं केलं तरी ही खूण वाचता येते. सरकवणं 0.01 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. रेझिन प्रिंटचा थरच बहुधा 0.025 ते 0.05 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नक्षी बिघडत नाही. अर्थात ओतलेल्या दागिन्यातून खूण वाचायची आशाही धरू नका. हे रक्षण फाइलचंच.

कोंदण आणि चकचकीत सपाट भागांना हात लावू नका, तिथे लहरी लगेच डोळ्यांत भरतात. दाट नक्षीत भरपूर शिरोबिंदू असतात, खूण तिथेच घाला.

खरा घात कापण्याने होतो. अंगठीचा माथा तेवढा उचलला की मध्यबिंदू सरकतो, सगळं वाचन चुकतं. म्हणून मूळ फाइल जपा. संशयित तुकडा तिच्यावर बसवून मूळ मध्यबिंदूवरूनच वाचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा कोड द्या, वहीत नोंदवा. पाठवण्याआधी त्रिकोण निम्मे करून आणि थोडं स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणं) लावून कोड निघतो का, ते तपासा.