घरी फरशी आणि फायबरग्लास वापरून बुलेटप्रूफ प्लेट बनवता येते का? आणि तिची चाचणी कशी घ्यायची?

बनवता येते. एक गोळी अडवणारी प्लेट बनवणं वाटतं तितकं अवघडही नाही. अवघड आहे ते तशीच दुसरी प्लेट दुसरी गोळी अडवेल, हे छातीठोकपणे सांगणं. विट्रिफाइड फरशी आणि तिच्यामागे इपॉक्सीत भिजवलेले फायबरग्लासचे थर, एवढ्यावर रायफलची गोळी थांबेल का आणि ते तपासायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. माझं रोजचं काम कंपोझिट लॅमिनेटचं, म्हणजे राळेत भिजवून एकमेकांवर जोडलेल्या तंतूंच्या थरांचं. हौसेपोटी अशा प्लेटी बनवून परवानाधारक रेंजवर त्यांच्यावर गोळ्या झाडून घेतल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे पक्कं डोक्यात असू द्या की सिरॅमिक गोळी "अडवत" नाही, ते गोळीचं टोक मोडतं. ७.६२ × ५१ मिलिमीटर काडतुसातली एम८० ही साधी लष्करी रायफलची गोळी ९.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४७ मीटर, म्हणजे जवळपास ३,४०० जूल ऊर्जा एका बोटाच्या पेराहून लहान जागेवर. सिरॅमिक दाबाला प्रचंड कणखर आणि ताणाला अगदी नाजूक असतं. पहिल्या काही मायक्रोसेकंदांत गोळीचं टोक त्या कठीण पृष्ठभागावर चेपतं, पसरतं, झिजतं. तेवढ्यात आघाताच्या बिंदूपासून मागच्या बाजूला रुंद होत जाणारा शंकूच्या आकाराचा तडा सिरॅमिकमध्ये जातो. त्या शंकूमुळे मार मागच्या थरावर मोठ्या क्षेत्रात पसरतो. गोळीचे आणि सिरॅमिकचे उरलेले तुकडे पकडणं हे मागच्या तंतूंचं काम. दोघांपैकी कुणीही एकटा पुरत नाही.

कठीण थराची कल्पना जुनी आहे. पोलादावर इनॅमलचा पातळ थर दिला तर ते गोळीला जास्त दाद देत नाही, हे मेजर नेव्हिल मन्रो हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये नोंदवलं होतं. प्रत्यक्ष अंगावर सिरॅमिक आलं ते १९६० च्या दशकात, व्हिएतनाममधल्या अमेरिकी हेलिकॉप्टर चालकांच्या.

आता फरशीकडे येऊ. खऱ्या प्लेटीत ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड असतं. ॲल्युमिनाची घनता (घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये) ३.९, सिलिकॉन कार्बाइडची ३.२, बोरॉन कार्बाइडची २.५ च्या आसपास, म्हणून महागड्या प्लेटी हलक्या. फरशी म्हणजे क्वार्ट्झ, मुलाइट ही खनिजं आणि त्यांना धरून ठेवणारी काच, शिवाय आत बारीक छिद्रं. तांब्याचं वेष्टण आणि आत शिसं असलेल्या गोळीचं टोक ती मोडू शकते. पण चिलखतभेदी गोळीतला कडक पोलादाचा गाभा फरशीच्या तोडीचा किंवा तिच्याहून कठीण असतो. तिथे मोडते ती फरशी. "मी घरच्या भट्टीत ॲल्युमिना भाजीन" असं कुणी म्हणालं तर एवढंच सांगतो की दाट ॲल्युमिनाला साधारण १,६०० अंश सेल्सिअस लागतात आणि कुंभारकामाच्या बहुतेक भट्ट्या १,३०० च्या आसपास दम टाकतात. कार्बाइडांचा तर विषयच नको.

करायचंच असेल तर सगळ्यात जास्त लक्ष चिकटण्याकडे द्या, कारण घरगुती प्लेटी फसतात त्या बहुधा इथेच. फरशी उलटी करून पाठीवरून बोट फिरवा. पांढरी पूड लागेल. भट्टीतल्या रुळांना फरशी चिकटू नये म्हणून दिलेला हा थर आहे, आणि तो असेपर्यंत तुमचं इपॉक्सी फरशीला चिकटत नाही, त्या पुडीला चिकटतं. तो पाण्यासह घासून काढायचा, पाठीवरच्या उंच रेषा सपाट करायच्या, पूर्ण वाळवायचं, मग ॲसिटोनने पुसायचं. घासताना सिलिकाची धूळ उडते. साधा कापडी मास्क चालत नाही, कणरोधक रेस्पिरेटर हवाच. इपॉक्सीला हातमोजे.

फरशी आणि लॅमिनेट यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर त्या जागी फरशीला आधार नसतो. गोळी लागली की फरशी तिथे वाकते, मागच्या पृष्ठभागावर ताण येतो आणि गोळीचं टोक मोडायच्या आधीच फरशीच्या ठिकऱ्या होतात. मागचा थर जितका ताठ, तितकी फरशी जास्त वेळ तग धरते. म्हणून फरशीमागे नुसतं मऊ कापड ठेवून काम होत नाही.

लॅमिनेटमध्ये उलटा लोभ आवरावा लागतो. बोटी बनवणाऱ्याला कापड राळेने तुडुंब भिजलेलं हवं असतं, इथे राळ (म्हणजे इपॉक्सी) कमीच बरी. थर एकमेकांपासून सुटतात तेव्हा बरीच ऊर्जा शोषली जाते. राळ जास्त झाली तर लॅमिनेट ठिसूळ होतं, गोळी त्यातून बूच उडाल्यासारखं भोक पाडून जाते. चांगल्या लॅमिनेटवर गोळी लागली की काचतंतू जिथे जिथे सुटले तिथे पांढरा डाग उमटतो. डाग तळहाताएवढा असेल तर कापडाने काम केलं. नाण्याएवढा असेल तर नाही केलं, मग गोळी थांबलेली का असेना. मला स्वतःला गोळी थांबली की नाही यापेक्षा हा डागच जास्त सांगतो.

फायबरग्लासऐवजी पॉलिएथिलीनचे थर घालावेत, असंही काही जण सुचवतात. अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन वजनाला हलकं आणि कामाला उत्तम आहे, पण ते मोठ्या दाबाखाली आणि आपल्या वितळबिंदूच्या जेमतेम खाली दाबून बनवतात. सी-क्लॅम्पने तो दाब येत नाही. आणि नुसत्या पॉलिएथिलीनच्या कित्येक प्लेटी जड एम८० थांबवतात, पण पोलादी टोकाची हलकी ५.५६ एम८५५ आरपार जाऊ देतात. त्यामुळे "रायफलची गोळी थांबते का" या प्रश्नाला कोणती गोळी आणि किती वेगाने, हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

चाचणी. अमेरिकेच्या एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) या संस्थेच्या ०१०१.०६ या मानकात तिसऱ्या पातळीची प्लेट एम८० च्या ६ गोळ्या झेलते, चौथ्या पातळीची चिलखतभेदी .३०-०६ काडतुसाची एक. रायफलसाठी अंतर १५ मीटर. २०२३ मध्ये आलेल्या नव्या मानकात पातळ्यांची नावं आरएफ१, आरएफ२, आरएफ३ अशी झाली आणि एम८५५ साठी स्वतंत्र पातळी आली. प्लेट झाडाला टेकवून मारणं ही चाचणी नव्हे. ती विशिष्ट मऊ मातीच्या ठोकळ्यावर बांधतात. माती गरम करून तिचा मऊपणा आधी तपासतात: सुमारे १ किलोचा पोलादी गोळा २ मीटरवरून टाकला की खड्डा १९ मिलिमीटरच्या आसपास पडला पाहिजे. मग गोळी झाडून प्लेटीमागे मातीत पडलेला खड्डा मोजतात. मर्यादा ४४ मिलिमीटर. गोळी थांबली आणि खड्डा ६० चा पडला, तर बरगड्या आणि आतले अवयव वाचले असं कुणी म्हणू नये. प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफने मोजतात. वेग मोजलेला नसेल तर अशा चाचणीच्या व्हिडिओला मी करमणूक म्हणतो.

ही सगळी गोळाबेरीज जमवली तरी मूळ पेच सुटत नाही. जिच्यावर गोळी झाडली ती प्लेट घालता येत नाही, आणि जी घालायची तिच्यावर गोळी झाडलेली नसते. विश्वास ठेवायचा तो दोन्ही सारख्या आहेत यावर, आणि हातकामात नेमकं तेच घसरतं. हिशोब करून पाहा. सलग ५ प्लेटी यशस्वी झाल्या तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढंच म्हणता येतं की अपयशाचं खरं प्रमाण ४५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. सलग १० झाल्या तर २६ टक्के. ते ५ टक्क्यांखाली आणायला सलग ५९ प्लेटी लागतात, त्याही एकाच गोळीविरुद्ध, मधोमध लागलेल्या, कोरड्या आणि ताज्या. कडेजवळ सिरॅमिकला आजूबाजूचा आधार नसतो, त्यामुळे तिथला आकडा वेगळा. ओल, ऊन आणि काँक्रीटवर पडणं यांचा पुन्हा वेगळा. मानकात गोळीबाराच्या आधी प्लेटींना यातून काढतात ते उगाच नाही. झायलॉन या तंतूची जाकिटं तर कारखान्यात बनलेली आणि चाचणीत उत्तीर्ण झालेली होती. तरी उष्णता आणि ओलाव्याने तो तंतू कमजोर होतो हे उघड झालं आणि २००५ मध्ये एनआयजेला ती जाकिटं मान्यतेतून काढावी लागली.

म्हणून माझं मत सरळ आहे. कुतूहल म्हणून बनवा, भरपूर शिकाल. अंगात घालायला बनवू नका. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या अंगावर प्लेट घालून चाचणी तर कुठल्याही परिस्थितीत नाही. गोळीबार परवानाधारक रेंजवर, तिथल्या माणसांना नेमकं काय करतोय हे सांगून, त्यांच्या देखरेखीखालीच. पोलादावरून गोळी उलटते तशी सिरॅमिकची कपची चेहऱ्याकडे येते, त्यामुळे डोळ्यांवर संरक्षक चष्मा बघ्यांनीही लावायचा आणि प्लेटीवर जाड कापडाचं वेष्टण घालायचं. तुमच्या देशात चिलखत बाळगायला परवानगी लागते का, तेही आधी बघून घ्या.

खरोखर धोका असेल तर प्रमाणित प्लेट घ्या. विकणारा "मानकानुसार चाचणी केलेली" म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका, एनआयजेच्या मान्यताप्राप्त यादीत तोच मॉडेल क्रमांक आहे का ते बघा. वापरलेली सिरॅमिक प्लेट स्वस्तात मिळत असेल तर ती कधी पडली होती का हे विचारा. आतला तडा कापडाच्या वेष्टणाखाली दिसत नाही, सैन्यातही तो शोधायला एक्स-रे काढतात.