हजेरी घेताना

सातारा,
५ नोव्हेंबर

बाळ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू तुझ्या सातवीच्या वर्गातल्या त्या मुलाबद्दल सांगितलंस आणि मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. सगळा वर्ग त्याला 'ढोल्या' म्हणतो, तोही हसतो. तू विचारलंस, ''तो हसतोय म्हणजे त्याला चालत असेल ना, बाई?''

नाही, बाळ. बारा वर्षांचा मुलगा अशा वेळी हसतो, कारण दुसरं काही करण्यासारखं त्याच्याकडं उरलेलं नसतं. रडला तर आणखी चिडवतील, अंगावर गेला तर सगळ्यांना मजा येईल, बाईंना सांगितलं तर 'चुगलखोर' हे आणखी एक नाव चिकटेल. हसलं की निदान तो दिवस निघतो. हे मला नोकरीची पंधरा वर्षं झाल्यावर कळलं, तेही माझ्याच हातून चूक झाली म्हणून. ती आधी सांगते.

२०११ ची दिवाळी संपून शाळा उघडली होती. आत्ता शाळेला जाताना कोरेगाव रस्त्याला तू उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकतेस ना, तेच दिवस. गावाच्या कडेला ऊसतोडीची टोळी उतरली, त्यांच्या कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि एका सकाळी एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन सातवीच्या दारात येऊन उभी राहिली. बीड जिल्ह्यातली. जवळ दाखला नव्हता, पण १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता, दाखल्यापायी प्रवेश अडवता येत नव्हता. मी तिला बसवून घेतलं, आणि आपण चांगलं काम केलं याचं समाधानही वाटलं. नाव मात्र लगेच पटावर चढवलं नाही. टोळी किती दिवस राहते ते बघू, मग लिहू, असं म्हटलं. तोवर हाक कशी मारायची? मी म्हणायची, ''अगं ए बीडवाले, फळा पूस बरं.'' मायेनंच म्हणायची.

मुलांनी माझी माया घेतली नाही, शब्द तेवढा उचलला. आठ दिवसांत ती सगळ्यांची 'बीडवाली' झाली, मग 'कोयतेवाली'. खिचडीच्या रांगेत तिच्या पुढं-मागं जागा सुटायला लागली. ताट घेऊन ती व्हरांड्याच्या टोकाला, खांबाकडं तोंड करून बसायची. मी हे बघत होते. लाजरी आहे, रुळेल, असं मला वाटलं.

डिसेंबरच्या शेवटी ती यायची थांबली. मुलं म्हणाली, टोळी गेली. चार दिवसांनी बाजाराच्या वाटेवर मला त्याच कोप्या दिसल्या. जाऊन उभी राहिले. तिची आई फडातून नुकतीच आली होती, वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा दारातच टाकलेला. मी विचारलं, ''तुमची मुलगी शाळेत का येत नाही?'' ती म्हणाली, ''कोणती?'' तिला तीन मुली होत्या. आणि मला नाव सांगता येईना. पाच आठवडे माझ्या वर्गात बसलेल्या मुलीचं नाव माझ्या तोंडात नव्हतं.

चुलीजवळ तिचं स्टीलचं ताट पालथं घातलेलं होतं. खिचडीसाठी आणायची तेच. भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबांनी घालून देतात तसं त्यावर कुणा बाईमाणसाचं नाव होतं, आजीचं असावं. त्याच्या खाली खिळ्यानं ओरखडून दुसरं नाव लिहिलेलं. वाकडंतिकडं, एक वेलांटी दोनदा गिरवलेली. ते वाचून मी हाक मारली. तशी ती कोपीच्या आतून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी तिचं पूर्ण नाव पटावर लिहिलं आणि वर्गासमोर तिची माफी मागितली. ''हिला मी पाच आठवडे नावानं हाक मारली नाही, चूक माझी आहे,'' एवढंच बोलले. मुलांना उपदेश केला नाही. पुढचा आठवडाभर हजेरी तिलाच घ्यायला लावली. पटावरची नावं ती मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येकाला तिच्या तोंडून आपलं नाव ऐकून 'हजर' म्हणावं लागायचं. चिडवणं लगेच थांबलं असं नाही, दोघं-तिघं फेब्रुवारीपर्यंत म्हणत होते. रांगेतली जागा मात्र भरली.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती तुझ्या स्वतःच्या जिभेची. वर्ग तुझीच जीभ उचलतो. 'ए चष्मिश', 'ए नववा नंबर', 'तू तर ढच' हे आपण कामाच्या गडबडीत बोलून जातो आणि मधल्या सुट्टीत त्याचंच हत्यार होतं. छडी वापरायची नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक छळालाही तितकीच बंदी आहे, हे स्टाफरूममध्ये फारसं कुणी बोलत नाही. पालक येऊन सांगतील, ''बाई, मारा पण शिकवा.'' त्यांना चहा दे, त्यांच्या मुलाचं एखादं चांगलं काम सांग आणि मारणार नाही हेही स्पष्ट सांग.

शुक्रवारी ७ नोव्हेंबर. १९०० साली याच दिवशी आपल्या साताऱ्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. २०१७ पासून राज्यभर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. परिपाठाला भाषणं होतील, तारीख सगळी मुलं पाठ म्हणतील. तू त्यांना पुढचंही सांग. पटावर नाव असलेल्या त्या मुलाला साताऱ्यात शाळेत वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. तहान लागली तरी शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. बाबासाहेबांनी स्वतःच हे पुढं लिहून ठेवलं आहे. याच साताऱ्यात १९२४ मध्ये कर्मवीर भाऊरावांनी बोर्डिंग काढून सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. मुलांना हे दोन्ही कळू दे.

आणि त्याच दुपारी शिष्यवृत्तीचे फॉर्म आले, तर ''अमक्या प्रवर्गाची मुलं उभी राहा'' असं चुकूनही म्हणू नकोस. मी कित्येक वर्षं हेच ऐकत आले. उभं राहणाऱ्या मुलाची मान कुठं जाते ते बघ एकदा. यादी तुझ्याकडं असतेच, एकेकाला टेबलापाशी बोलावून कागद हातात दे. दोन मिनिटं जास्त लागतात.

सहावी ते आठवी हे वय अवघड असतं. अंग रोज बदलत असतं आणि पोरांना वाटतं सगळं जग आपल्याकडंच बघतंय. मुलीनं बाहेर जायची परवानगी मागितली तर 'आत्ताच का?' असं विचारू नकोस. पॅड कपाटात ठेव आणि त्या कपाटाची किल्ली मुलींपैकी कुणाकडं तरी असू दे, तुझ्याकडं मागायला लावू नकोस. मुलग्यांचा आवाज फुटायला लागला की कविता मोठ्यानं म्हणायचा आग्रह नको. मुलगा रडला तर 'मुलीसारखा काय रडतोस' हे वाक्य वर्गात कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नकोस, त्यात दोघांचाही अपमान आहे.

आता त्या तुझ्या मुलाकडं येते. त्याला आणि चिडवणाऱ्याला ऑफिसात समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावू नकोस. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर ते चालतं. इथं एका बाजूला तो एकटा आहे. हात मिळवून दोघं बाहेर पडले की नळाच्या मागं त्याचा हिशोब होतो. आधी कुठं आणि केव्हा घडतं ते बघ. बहुतेक वेळा वर्गात नाही, नळापाशी, मुतारीच्या वाटेवर, गाडीतल्या मागच्या सीटवर, नाहीतर रात्री कुणाच्या तरी वडिलांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. मधल्या सुट्टीत चार दिवस नळापाशी नुसती उभी राहा. चिडवणाऱ्याला एकट्याला गाठ, वर्गासमोर त्याचं नाव घेऊ नकोस. त्यालाही घरी कुणीतरी काहीतरी म्हणत असतं, बऱ्याचदा तेच तो इथं आणतो. त्याला स्पष्ट सांग की हे थांबायचं आहे आणि तू रोज बघणार आहेस. आणि बाजूला उभं राहून न हसणारी दोन मुलं हेर. ती असतातच. त्यांना सांग, खिचडीला त्याच्याजवळ बसा. तेवढ्यानं फार फरक पडतो.

त्या मुलाशी मात्र एकट्याशी बोल, चालता चालता. मुलं समोर बसवून विचारलं की गप्प होतात, वह्यांचा गठ्ठा उचलायला बरोबर घेतला की बोलतात.

तो काय सांगेल ते आत्ता माहीत नाही, म्हणून हेही लिहून ठेवते. ''बाई, कुणाला सांगणार नाही ना?'' असं कुठल्याही मुलानं विचारलं तर वचन देऊ नकोस. म्हण, ''तुला सुरक्षित ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्यालाच सांगेन, आणि आधी तुला सांगून.'' कुणी अंगाला नको तसा हात लावल्याचं कळलं तर खोदून खोदून विचारू नकोस, मूल जे शब्द बोललं तेच तारखेसह लिहून ठेव आणि पोलिसांना कळव. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते तुझ्यावर बंधनकारक आहे. वरचं कुणी 'शाळेचं नाव जाईल, आपण आपसांत बघू' म्हणालं तरी तुझी जबाबदारी सुटत नाही. घरच्याच कुणाचं नाव आलं तर घरी आधी निरोप धाडायचा नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेव, पुसायला देऊ नकोस. आणि 'मला जगायचं नाही' असं एखादं मूल चेष्टेत बोललं तरी ते चेष्टेवारी नेऊ नकोस. त्याच दिवशी त्याला सरळ विचार, एकटं सोडू नकोस, घरच्यांना भेट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. तूही तिथं फोन करून काय करावं ते विचारू शकतेस. सगळं एकटीनं पेलायचं नाही.

त्या मुलीचं पुढं काय झालं, असं तू नक्की विचारशील. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, आणि टोळी रातोरात गेली. सकाळी मी हजेरी घेतली. तिच्या नावाशी आले तर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ''ती गावी गेली, बाई.'' त्यानं तिचं नाव घेऊन सांगितलं. डिसेंबरात 'कोयतेवाली' म्हणणाऱ्यांतला तो सगळ्यात पुढचा.

सोमवारी तू हजेरी घेशील तेव्हा त्या मुलाचं नाव सावकाश, पूर्ण घे. आणि संध्याकाळी मला फोन कर, मी घरीच आहे.

तुझी,
बाई