एअर इंडियाच्या यादीतून कैरो, बैरुत, जिनिव्हा का गेले?

तुमचा प्रश्न असा, की एअर इंडियाच्या जुन्या वेळापत्रकात कैरो, बैरुत, जिनिव्हा ही नावं आहेत, मग आज तिथे आपलं विमान का जात नाही? प्रवासी आटले म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या मते खरं कारण विमानाच्या टाकीत आहे.

8 जून 1948 ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन, आत 35 प्रवासी. कैरो, जिनिव्हा करत ते 10 तारखेला पोहोचलं. एका दमात तेवढं अंतर कापणं त्याला शक्यच नव्हतं. इंधनासाठी उतरायचंच, तर तिथले प्रवासी आणि टपालाच्या थैल्याही घ्यायच्या, म्हणजे त्या गावाचं नाव यादीत आलंच. 1960 साली न्यूयॉर्क सुरू झालं, तेही लंडनमार्गेच.

माझ्या काकांकडे घडीचं एक जुनं वेळापत्रक होतं. मधल्या रकान्यात शहरं. जातानाच्या वेळा डावीकडे वरून खाली वाचायच्या, परतीच्या उजवीकडे खालून वर. वारांच्या जागी 1 ते 7 आकडे. ‘बैरुत’ हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचलं, मुंबई आणि लंडनच्या मध्ये. आता मुंबईहून न्यूयॉर्कला विमान थेट जातं. मधली नावं गळाली ती अशी.

सगळीच मात्र अशी गेली नाहीत. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी टपाल घेऊन जुहूला विमान आणलं, ते कराचीहून. म्हणजे ज्या गावापासून सुरुवात झाली, तेच फाळणीनंतरच्या राजकारणात सुटलं. मॉस्को 2022 मध्ये युद्धामुळे विम्याचा पेच पडल्याने थांबलं. वॉशिंग्टन 1 सप्टेंबर 2025 पासून बंद झालं: ड्रीमलायनर ही बोइंगची लांब पल्ल्याची विमानं आतून नव्याने सजवायला काढल्यामुळे विमानं कमी पडली, त्यात पाकिस्तानचं आकाश बंद, म्हणून वळसा.

मला खरी हळहळ वाटते ती नैरोबीची. 1950 ला सुरू झालेला मार्ग. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या गुजराती आणि गोवेकर कुटुंबांना गावाशी जोडणारा. मध्ये बंद पडला, 2019 च्या नोव्हेंबरात मुंबईहून पुन्हा सुरू झाला, आणि परत थांबला. इथे इंधनाचा प्रश्न नव्हता, माणसंही होती. हा मार्ग पुन्हा सुरू व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आजची यादी बघताना एवढं करा. तिकिटावर एअर इंडियाचा ‘एआय’ नंबर असला तरी विमान लुफ्थान्साचं असू शकतं, कारण त्यांचं कोडशेअर आहे, म्हणजे एकाच्या विमानात दुसऱ्याच्या नंबरावर तिकीट विकायचा करार. ‘विमान कोणाचं’ ही बारीक अक्षरांतली ओळ वाचा. आणि मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रकाचा हंगाम बदलतो, तेव्हा यादी पुन्हा तपासा.