वाचकांचे प्रश्न: एएची पहिली मिटिंग

प्रश्न : माझे मिस्टर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आहेत. सुटी झाली की परस्पर दारू प्यायला बसून मगच घरी येतात. आता स्वतःच म्हणतात, एएच्या मिटिंगला जाऊन पाहतो. मिटिंग शोधायची कुठे? आणि तिथं ओळखीचं कोणी निघालं तर? (मानेवाडा)

अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजेच एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. त्यांच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावानुसार मिटिंगांची माहिती मिळते. मात्र नुसता पत्ता पाहून निघू नका. हे समूह बहुधा शाळेचा वर्ग, चर्चची खोली अशा मागून घेतलेल्या जागेत भरतात. परीक्षा आली, सण आला की जागा किंवा वेळ बदलते. कुलूप पाहून परतणाऱ्याला वाटेतलं दुकान मात्र उघडं सापडतं! म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करा. खरं तर तुम्ही नको, फोन त्यांनाच करू द्या. विचारायचं एवढंच: आज नक्की आहे ना, कोणत्या गेटनं आणि कितव्या माळ्यावर, मराठी चालते की हिंदी, आणि मिटिंग खुली आहे की बंद. खुल्या मिटिंगला तुम्हीही सोबत बसू शकता. बंद मिटिंग फक्त पिणाऱ्यांची.

वेळ निवडताना घड्याळ नाही, त्यांचा ग्लास पाहा. पहिला पेग साडेसातला होत असेल तर साडेसातच्या सुमाराचीच मिटिंग हवी. रविवार सकाळची सोयीची असते, पण सकाळी त्यांना अडचण नसतेच. जागाही घराजवळची नको, परतीच्या वाटेवरची बघा. लोकमान्यनगरहून मेट्रोनं येत असतील तर सीताबर्डीला गाडी बदलावीच लागते, तिथली सोयीची. घरी येऊन, हातपाय धुऊन पुन्हा बाहेर पडणं फार थोड्यांना जमतं.

ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही त्याच कारणानं आलेला असेल. तिथं आडनाव विचारत नाहीत, फी नाही. वर्गणीचा डबा फिरतो, नव्या माणसानं त्यात काही टाकलं नाही तरी चालतं. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असं नाही; ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरे.

प्रश्न : दारू पूर्ण बंद करूनच मिटिंगला जायचं का? मागच्या वेळी भावानं एकदम सोडली, तर हात थरथरायला लागले आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले. (कामठी)

आधी बंद करण्याची अट नाही. सोडायची इच्छा असणं, एवढी एकच अट एएची आहे. तुमच्या भावाची अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती मिटिंगनं सुटत नाही. तिथं डॉक्टर नसतात, औषध देत नाहीत.

रोज भरपूर पिणाऱ्यानं, विशेषतः सकाळी उठल्याबरोबर ज्याला लागते त्यानं, एकदम थांबवलं की काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो. तुम्ही पाहिलं ते हेच असावं. यात जीव जाऊ शकतो. पुन्हा सोडण्याआधी मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या) मानसोपचार ओपीडीत किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखवा आणि मागचा प्रकार सविस्तर सांगा. झटका आला किंवा बरळायला लागले तर ओपीडीची वाट न पाहता १०८ला फोन.

आणखी एक. अशा वेळी घरचे गल्लीतल्या दवाखान्यात ‘एक सलाईन लावून द्या’ म्हणतात. पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बरेचदा कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना ‘हे रोज पितात’ हे आधी सांगा. लाजेपायी नेमकं हेच लपवलं जातं.

प्रश्न : दोनदा गेलो. सगळे आपलं रडगाणं गातात, देवाचं नाव घेतात. मला नाही जमलं. (नंदनवन)

दोनवर ठरवू नका. प्रत्येक समूहाचा स्वभाव वेगळा असतो. निदान तीन समूह पाहा, एकेका ठिकाणी दोन-तीनदा बसा. एएत ज्या ‘उच्चशक्ती’वर भिस्त ठेवतात, ती म्हणजे काय ते ज्याचं त्यानं ठरवायचं, न मानणारेही तिथं असतात. आणि मिटिंग संपल्याबरोबर गाडीला किक मारू नका. नंतरच्या चहाच्या टपरीवर फोन नंबर मिळतात, रात्री अकराला तलफ आली की ते कामी येतात.

प्रश्न : एकानं दारू सुटावी म्हणून गोळ्यांची पावडर दिली, भाजीत कालवा म्हणाला. देऊ का? (इतवारी)

अजिबात नाही. अशा पावडरीत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयाच्या रुग्णाचा त्यात जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. हे औषध पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. तो मिटिंगला यायला तयार नसेल तर तुम्ही जा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे समूह असतात. कोणाशी बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६.