अनुदानाचा पहिला अर्ज

स.न.वि.वि.

तुमच्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. परिसरातील आवाजांचा नकाशा मुलांकडून करून घेण्याची कल्पना मला फार आवडली, परंतु ती तिसऱ्या पानावर येते. आधीची दोन पाने शिक्षणातील सर्जनशीलतेच्या महत्त्वावर खर्ची पडली आहेत, आणि ते महत्त्व समितीला मान्य असल्यामुळेच तर हे अनुदान निघाले आहे.

अशा एका निवड समितीवर मी काही वर्षे होते. तिथला एक अर्ज अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेच्या कुंपणभिंतीचा एकेक चौरस फूट मुलांच्या एकेका जोडीला नेमून द्यायचा, आणि बारा आठवडे दर सोमवारी भिंगातून पाहून तिथले शेवाळ, मुंग्या आणि भेगा वहीत काढायच्या, एवढेच त्यात होते. मागणी वीस भिंगे आणि चाळीस कोऱ्या वह्यांची होती. वर्गात मुले चाळीस असल्यामुळे आकड्यांचे समर्थन वेगळे करावेच लागले नाही. भिंतीला नाक लावून उभी असलेली मुले वाचतानाच दिसत होती. तुमची मुले कोणत्या दिवशी, कुठे उभी राहून काय ऐकणार, हे असेच पहिल्या परिच्छेदात येऊ द्या. रेकॉर्डर पाचच का हवेत, हेही तिथेच कळावे.

रेकॉर्डरवरून आठवले. माझ्या पहिल्या अनुदानातून मी तेच घेतले होते आणि अंदाजपत्रकात सेल धरायचे विसरले होते. तिसऱ्या आठवड्यात ते कपाटात गेले आणि अहवाल लिहायच्या दिवशीच बाहेर आले. उपक्रम बहुधा सेल, गोंद, छपाई अशा किरकोळ बाबींवरच अडतो, म्हणून त्या आधी लिहा. कमी पडेल ते आपण खिशातून घालू, असे मनात धरू नका. ही सवय सार्वत्रिक आहे. अमेरिकेत तर शिक्षकांच्या अशा खर्चाला आयकरात वजावट असून २०२२ साली तिची मर्यादा २५० वरून ३०० डॉलर करण्यात आली. घालायचेच असतील तर 'स्वतःचा वाटा' म्हणून ती रक्कम अर्जात दाखवा, म्हणजे उपक्रमाचा खरा खर्च तरी देणाऱ्याला कळेल.

पैसे हाती येणार की वस्तू, याचीही आधी चौकशी करा. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या सरकारी शाळेत शिकवणाऱ्या चार्ल्स बेस्ट यांनी २००० साली सुरू केलेल्या 'डोनर्सचूज' या संस्थेत शिक्षक हव्या असलेल्या वस्तूंची यादी देतात, देणगीदार उपक्रम निवडतात आणि संस्था वस्तू खरेदी करून शाळेकडे पाठवते. अशा पद्धतीत पावत्यांचा ताप वाचतो, मात्र नेमकी कोणती वस्तू हवी ते अर्ज करतानाच ठरलेले असावे लागते.

मुख्याध्यापकांची संमती लेखी घ्या, आणि तुमची बदली झाल्यास रेकॉर्डर कोणाच्या ताब्यात राहतील तेही तेव्हाच ठरवून टाका.

मसुदा दोन पानांत बसवून रविवारपर्यंत पाठवा. पहिला आवाज कोणता टिपायचा, हे त्याआधी मुलांना विचारा आणि त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत अर्जात घाला.

कळावे.