उत्तर: रिपोर्ट सुधारला म्हणून हाडांचं सहामाही इंजेक्शन परस्पर थांबवू नका

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसले. आईचं डेनोसुमॅबचं (हाडं ठिसूळ होण्यावरचं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं) इंजेक्शन दोन वर्षं चालू आहे, डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मणक्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, जितका जास्त उणे तितकं हाड विरळ) उणे २.८ वरून उणे २.४ वर आला, मग पुढचा डोस दिवाळीनंतर बघू किंवा बंदच करू, चालेल का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांना विचारल्याशिवाय एकही डोस चुकवू नका. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, चालणं हे सगळं तुम्हाला माहीतच असेल, ते सोडून देते.

हाड आयुष्यभर मोडून नव्याने बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खोदतात, ऑस्टिओब्लास्ट तिथे नवं भरतात, आणि खोदायला दोन-तीन आठवडे लागत असतील तर भरायला तीन-चार महिने जातात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, खोदकाम वाढतं आणि भरणं मागे पडतं. हे इंजेक्शन नवे ऑस्टिओक्लास्ट तयारच होऊ देत नाही म्हणून रिपोर्ट सुधारतो, पण अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही हाडांची दुसरी औषधं जशी हाडाला धरून वर्षानुवर्षं राहतात तसं हे राहत नाही. सहा महिने उलटले की जोर ओसरतो आणि थोपवलेलं खोदकाम एकदम सुरू होतं, औषधाआधी होतं त्याहून जास्त वेगाने. मणका आतून जाळीदार असतो, त्यामुळे पहिला फटका तिथे, आणि कधीकधी एकाच वेळी अनेक मणक्यांना.

सासूबाईंच्या वेळी आधीचे डॉक्टर दुसरीकडे गेले होते. नवीन डॉक्टरांनी फाइल न चाळता फक्त शेवटचा डेक्सा बघितला, छान आहे म्हणाले, इंजेक्शन बंद, कॅल्शियम चालू ठेवा. बंद केल्यावर दुसरं औषध लागतं हे तिथे कोणीही बोललं नाही. काही महिन्यांनी अंथरूण झटकताना पाठीत कळ आली, तर तिथेच आधी बेल्ट आणि पेनकिलर, वर "वय झालं, दुखणारच". एक्सरे काढा म्हणून आम्ही मागे लागलो तेव्हा कुठे काढला, त्यात तीन मणके दबलेले. त्यांची उंची कमी झाली, सरळ बसून पोळ्या लाटणं सुटलं. तक्रार केली तर काउंटरवरून उत्तर काय, तर रिपोर्ट नॉर्मलकडे होता. अहो, तो औषधामुळे होता ना! या "वय झालं"चा मला अजूनही संताप येतो, कारण त्या एका वाक्यावर तपासणी थांबते.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: चालू ठेवायचं की बदलायचं, आणि बदलायचं तर त्या जागी काय आणि कधी. सहसा डोसची मुदत संपते त्याच सुमारास अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सुरू करतात. चालू ठेवायचं असेल तर तारीख महिनाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका, लग्नकार्य असो की गावाला जाणं. प्रत्येकाला हे मणक्यांचं होतंच असं नाही, पण ज्यांचा मणका आधीच दबलेला आहे त्यांना धोका जास्त. आईचा एकदा मणक्याचा साधा एक्सरे काढून घ्या, कारण बरेच मणके न दुखता दबतात आणि डेक्साच्या आकड्यावरून ते कळेलच असं नाही. शिबिरात टाचेवर मशीन लावून देतात तो आकडा मात्र उपचार बदलायला वापरू नका, माझं तरी ठाम मत आहे.

किडनीचा त्रास असेल तर प्रत्येक डोसआधी रक्तातलं कॅल्शियम बघायला सांगा, या इंजेक्शनने ते खाली जाऊ शकतं. आणि दात काढायचा असेल तर डेंटिस्टला आधी इंजेक्शनची शेवटची तारीख सांगा, जबड्याचं हाड न भरण्याचा धोका थोडा असतो. पण दातासाठी म्हणूनही डोस परस्पर लांबवू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.